शेतकऱ्यांची यादी आणि गायब झालेला फॉन्ट

प्रश्न : ग्रामपंचायतीत २००५ च्या महापुरातल्या नुकसानीची यादी वर्डमध्ये आहे. नव्या कॉम्प्युटरवर उघडली की नुसती इंग्रजी अक्षरं दिसतात. पुन्हा टाईप करावी का?
– एक कर्मचारी, शिरोळ तालुका, जि. कोल्हापूर

उत्तर : नको, फाईल शाबूत आहे. तेव्हाच्या मराठी फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असत. फॉन्ट नसला की खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात.

यादीवर कर्सर ठेवला की वरच्या चौकटीत मूळ फॉन्टचं नाव दिसेल. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षरांना स्वतःचे ठरलेले क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, बदलायचा; त्यासाठीचा कन्व्हर्टर त्याच फॉन्टचा हवा. श्रीलिपीच्या मजकुराला कृतिदेवचा लावला तर गोंधळ वाढतो. मूळ फाईलला हात न लावता प्रत काढा. फॉन्ट असलेल्या जुन्या कॉम्प्युटरवरून तिची पीडीएफ करून ठेवा, ताळा घ्यायला उपयोगी पडेल. आधी वीसच नावं बदलून बघा. फाईलमधला खरा इंग्रजी मजकूर, उदाहरणार्थ गाडीचा ‘एमएच ०९’ नंबर, आधी बाजूला काढा. नाहीतर त्याचंही भलतंच मराठी होतं.

मग तीन शब्द तपासा. ‘शिरोळ’ : जुन्या फॉन्टात वेलांटी ‘श’च्या आधी, युनिकोडमध्ये नंतर साठवतात. ‘कार्यालय’ : रफाराचं नेमकं उलट. आणि ‘शेतकऱ्यांची’. हा सगळ्यात लबाड! त्यातला ‘ऱ्य’ दोन प्रकारे लिहिता येतो : नुक्तावाल्या (खाली टिंब असलेल्या) ‘ऱ’ने, किंवा साध्या ‘र्’पुढे न दिसणारं जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच, पण शोधताना एक सापडतो, दुसरा निसटतो. ते चिन्ह गळालं तर ‘शेतकर्यांची’ उरतं. त्यामुळे एकच पद्धत ठरवून ‘फाईंड-रिप्लेस’ने सगळीकडे तीच करा.

रकमा एक्सेलमध्ये इंग्रजी आकड्यांतच ठेवा. देवनागरी आकडे मजकूर समजले गेले तर बेरीज शून्य येते.

प्रश्न : मुक्त मानकांचं, म्हणजे एकाच कंपनीवर अवलंबून नसलेल्या फाईल-पद्धती वापरण्याचं, सरकारी धोरण आहे ना? मग ही वेळ का येते?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : केंद्राचं धोरण नोव्हेंबर २०१० चं. ते नव्या प्रणालींना आणि जुन्यांच्या नव्या आवृत्त्यांना लागू आहे; कपाटातल्या सीडीवरच्या फाईली कुणी बदलायच्या, हा खर्च टेंडरमध्ये सहसा धरलेलाच नसतो. म्हणून ‘मराठी सॉफ्टवेअर’ एवढंच लिहू नका. ‘मजकूर युनिकोडमध्ये, कळफलक इनस्क्रिप्ट, कागदपत्रं ओडीएफमध्ये (आयएसओ २६३००), जुन्या फाईलींचं रूपांतर व तपासणी पुरवठादाराकडे’ असं लिहा. (इनस्क्रिप्ट ही भारतीय भाषांसाठीची प्रमाणित कळरचना, ओडीएफ हा कागदपत्रांचा मुक्त फाईल-प्रकार.) आणि बिल तपासणीनंतरच काढा.