‘कोमुने’ला नगरपालिका म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे: नॉर्वेतल्या लोमबद्दल लिहिताना ‘लोम ही एक ग्रामीण नगरपालिका आहे’ असं वाक्य तयार झालं आणि ‘ग्रामीण’ला लागून ‘नगर’ आलेलं खटकलं. मूळ शब्द ‘कोमुने’, म्हणजे नॉर्वेतली स्थानिक स्वराज्य संस्था आणि तिच्या कारभाराखालचा मुलूखही. त्याला मराठीत काय म्हणावं?

खटकलं ते बरोबरच आहे. लोममध्ये नगर नाहीच. सुमारे १,९७० चौरस किलोमीटरचा मुलूख, वस्ती जेमतेम दोन-अडीच हजार, बाकी डोंगर, हिमनद्या आणि दऱ्या. नॉर्वेतलं सगळ्यात उंच शिखर गाल्डहोपिग्गेन (२,४६९ मीटर) इथलंच. आता ‘हे शिखर लोम नगरपालिकेत आहे’ असं लिहून बघा. आपण ‘नगरपालिकेत जाऊन येतो’ म्हणतो ते दाखला आणायला, कचेरीत. शिखर तिथे कसं मावेल?

मग ग्रामपंचायत? आकाराने फारच लहान. तालुका? विस्ताराला जवळचा, पण तालुका म्हटला की तहसीलदार डोळ्यांपुढे येतो आणि तो सरकारने नेमलेला. कोमुनेचं मर्म नेमकं उलट आहे. १८३७ च्या कायद्याने नॉर्वेत गावोगावच्या लोकांना आपला कारभार आपण निवडलेल्या मंडळींकडून चालवायचा हक्क मिळाला, आणि हद्दी बहुतेक ठिकाणी चर्चच्या जुन्या परगण्यांच्याच घेतल्या. लोमचं लाकडी चर्च बाराव्या शतकातलं, म्हणजे कोमुनेपेक्षा कितीतरी थोरलं. पुढे १८६६ मध्ये लोममधून श्योक ही वेगळी कोमुने निघाली. आज शाळा, वृद्धांची देखभाल, पाणीपुरवठा हे सगळं कोमुनेच बघते.

माझं मत: संस्थेला नुसतं ‘पालिका’ म्हणावं. ‘पालन करणारी’ हा अर्थ पुरेसा आहे, ‘नगर’ची गरज नाही. भूभागाबद्दल बोलायचं तर ‘पालिकाक्षेत्र’. ‘गाल्डहोपिग्गेन लोम पालिकाक्षेत्रात आहे’ हे वाक्य कुठे अडत नाही. पहिल्यांदा येईल तिथे ‘कोमुने’ हा मूळ शब्दही द्यावा. तिथल्या प्रमुखाला ‘ओर्डफोरर’ म्हणतात, शब्दशः ‘शब्द पुढे नेणारा’. किती सुंदर शब्द! त्याला महापौर करू नका, ‘पालिकाध्यक्ष’ चालेल.

लोमबद्दलच्या त्याच लेखात ‘सिंचन कालवे’ही आले आहेत, ते मात्र बदलाच. लोम डोंगरांच्या पर्जन्यछायेत आहे, वर्षाला पाऊस ३०० मिलिमीटरच्या आसपास. म्हणून शेतकरी डोंगरातल्या ओढ्यांचं पाणी चर खणून, लाकडी पन्हळी टाकून खाली आणत आणि लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने शेतावर फेकत. अशी तीन फावडी लोमच्या मानचिन्हावर आहेत, निळ्यावर सोनेरी. कालवा हा धरणाचा, सरकारी, मोठा. शेतकऱ्याने ओढ्यावरून आपल्या रानात वळवून आणलेलं पाणी, त्याला आपल्याकडे पाट म्हणतात.