ओले सायकामोर लाकूड कातल्याने आरोग्यास अपाय होतो का?

इंग्लंडमध्ये शेजाऱ्याने तोडलेल्या सायकामोरचे (हे मॅपलच्याच कुळातले झाड) ओले ओंडके आपण लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून त्याला आकार देणाऱ्या यंत्रावर, कातणार आहात आणि ‘ओल्या लाकडाची धूळ उडत नाही, मग मुखपट्टी कशाला?’ असे विचारता. हेच वाक्य माझ्या थोरल्या बंधूंनी मला वीस वर्षे ऐकवले आहे, म्हणून लिहितो.

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे गेला की ओला ओंडका बघता बघता तडकतो. त्यामुळे लकडगंजातून आणलेले आंब्याचे ओंडके आम्ही ओल्या गोणपाटात आणि वरून प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवत असू. एका पावसाळ्यात ते सोडले, तर सालीखाली काळी-हिरवी बुरशी माजलेली होती. बुरशीने लाकडावर सुंदर काळ्या रेघा उमटतात, असे बंधू म्हणाले, आणि ते खरेही होते. आठवडाभर मी त्याचे वाडगे कातले. काम करताना काही जाणवत नसे. संध्याकाळी मात्र कणकण, कोरडा खोकला आणि जिना चढताना धाप. रविवारी काम बंद, तर तापही बंद. नेहमीच्या डॉक्टरांनी तीनदा व्हायरलच्या गोळ्या दिल्या. छातीच्या डॉक्टरांनी आधी ‘काम काय करता?’ असे विचारले आणि बुरशीच्या बीजाणूंमुळे फुप्फुसांना ॲलर्जीची सूज आल्याचे निदान केले.

सायकामोरचे लाकूड सौम्य असते. त्याला वास-चव नसल्याने तिकडे त्याची स्वयंपाकघरातील भांडी पूर्वापार होत आली आहेत. धोका सालीखाली आहे. कडक, कोरड्या उन्हाळ्यानंतर वाळू लागलेल्या झाडात क्रिप्टोस्ट्रोमा नावाची बुरशी काजळीसारखी साचते. मॅपलची साल सोलणाऱ्या अमेरिकी कामगारांना तिच्यामुळे होणारा आजार १९३२ मध्येच नोंदला गेला. तशी काजळी दिसली, तर तो ओंडका लेथवर चढवूच नये. शिवाय वाडगा वाळल्यावर पॉलिश पेपर मारावाच लागतो, तेव्हा धूळ उडतेच, आणि लाकडाची धूळ कर्करोगकारक ठरलेली आहे. रुमाल बांधणे म्हणजे स्वतःची फसवणूक, एन-९५ वापरावी.

कोणी वाद घातलाच, तर लेथवरच्या पंख्याचे पाते पांढऱ्या फडक्याने पुसून दाखवावे. मी दाखवले होते. ‘पंखा कोणी पुसतो का?’ एवढेच बंधू म्हणाले. अर्थात मी डॉक्टर नव्हे, आणि ही ॲलर्जी सर्वांनाच होत नाही. त्याच लेथवर, तेच ओंडके कातूनही बंधूंना साधा खोकलासुद्धा झाला नाही, त्यामुळे आमचा वाद अजून मिटलेला नाही.