जुन्या वखारीत दुकानं आणि होमस्टे करताय तर आधी हे बघा
अरे बंदराजवळच्या जुन्या जांभ्याच्या वखारीत खाली दुकानं, मधे ऑफिसं, माळ्यावर होमस्टे, तुझा प्लॅन झकासच आहे, पण ड्रॉइंग काढायच्या आधी सीआरझेडचं (किनाऱ्यालगतच्या बांधकामावरचे केंद्र सरकारचे नियम) बघ. बंदरालगतची पेठ म्हणजे भरतीरेषेपासून 500 मीटरच्या आत बहुतेक येतेच, खाडीकाठी असेल तर 2019 च्या नोटिफिकेशनप्रमाणे 50 मीटर किंवा खाडीची रुंदी, जे कमी असेल ते. वापर बदलायची परवानगी नगरपरिषदेकडून वेगळी. एजंट म्हणेल नंतर बघू, ऐकू नकोस.

आता भिंती. जांभ्याला सिमेंटचं प्लास्टर मारायचं नाही म्हणजे नाही, पावसात जांभा पाणी पितो आणि ते बाहेर पडायला वाट हवी असते, सिमेंटने कोंडलंस की पोपडे सुटतात, पांढरा खार फुटतो. चुन्याचंच कर, गवंडी कुरकुरतील (चुना मळायचा कंटाळा, दुसरं काय).

वाशांची टोकं भिंतीत घुसतात ना, तिथे स्क्रू ड्रायव्हर टोचून बघ, भुसभुशीत लागलं तर वाळवी नाहीतर कूज, पण तेवढाच तुकडा बदलता येतो, त्यासाठी सगळी कौलं उतरवून स्लॅब टाकायची घाई नको, जुन्या जोत्याला तो भार झेपेल का हे स्ट्रक्चरल इंजिनियरला विचार, शिवाय खाऱ्या हवेत स्लॅबमधल्या सळ्या गंजतात ते वेगळंच. बाथरूम मात्र मागच्या पडवीत नवीन बांध, लाकडी माळ्यावर अजिबात नको.