पूल भारी कुणाचा? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात आपण पूल आणि इमारतींबद्दल प्रश्न मागवले होते. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी, बेळगाव सगळीकडनं पत्रं आली, आणि निम्म्याहून जास्त पत्रांत एकच गोष्ट होती, शेजारच्या शहराशी ईर्ष्या. सगळी छापणं शक्य नाही, म्हणून थोडी निवडून घेतलीत.

प्रश्न : सांगलीचा फोटो म्हटलं की आयर्विन पूल येतो. मुंबईत सी लिंक झाला, नागपुरात केबलचा पूल झाला. पंचगंगेवर एखादा सिग्नेचर ब्रिज आपल्याला नको का? आपण कशात कमी आहे? (शिवाजी पेठ, कोल्हापूर)

कमी कशातच नाही, आणि तुमची ईर्ष्या मला मनापासून पटते, फुटबॉलला पेठापेठांत जी असते ती नसती तर या गावात निम्म्या गोष्टी उभ्याच राहिल्या नसत्या. पण आयर्विन पूल सांगलीची ओळख कशामुळं झाला ते आधी बघूया.

1929 साली तो सुरू झाला, व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विनच्या हस्ते, सांगली संस्थानचे चिंतामणराव पटवर्धन यांच्या काळात. दिसायला देखणा आहेच. पण सांगलीकराच्या तोंडात त्याचं नाव बसलं ते पावसाळ्यामुळं, कोयनेत पाऊस लागला आणि विसर्ग वाढला की अख्खं गाव एकमेकाला विचारतं, आयर्विनला किती फूट झालं? 40 फूट इशारा पातळी, 45 फूट धोका पातळी. 2019 च्या महापुरात हा आकडा 57 च्या वर गेला होता. गावभागातली माणसं तो आकडा ऐकून ठरवतात की सामान माळ्यावर टाकायचं, जनावरं हलवायची का सगळं कुलूप लावून पाहुण्यांकडं जायचं. ज्या पुलाकडं लोक जीव मुठीत धरून बघतात तो त्यांचा होतो, त्याला वेगळी जाहिरात लागत नाही.

आपल्याकडं हेच काम कसबा बावड्याचा राजाराम बंधारा करतो. 39 फूट इशारा, 43 धोका, आणि 2019 ला 55 च्या वर. त्याचा फोटो कुणी कॅलेंडरवर छापत नाही पण जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापूरकर सकाळी उठून पहिल्यांदा त्याचीच पातळी बघतो.

आणि आपला शिवाजी पूल विसरू नका. जुना विल्सन पूल, दगडी कमानींचा, दीडशे वर्षांच्या आसपासचा, रत्नागिरी-पन्हाळ्याची सगळी वाहतूक त्यानं पिढ्यान्पिढ्या अंगावर घेतली. जानेवारी 2018 मध्ये रात्री मिनीबस त्याचा कठडा तोडून नदीत पडली आणि 13 जणं गेली. त्यावेळी शेजारी पर्यायी पूल अर्धवट उभा होता, ब्रह्मपुरी टेकडी संरक्षित जागा असल्यानं पुरातत्त्वाच्या नियमात त्याचं काम अडकलं होतं. मला कुणी विचारलं की कोल्हापूरनं पुलाच्या बाबतीत कशाची लाज बाळगावी तर मी हेच सांगेन. केबल नाहीत म्हणून नाही, गरजेचा पूल वेळेत पुरा झाला नाही म्हणून.

आता केबलच्या पुलाचं गणित. 40-50 मीटरपर्यंतचा गाळा, म्हणजे दोन खांबांमधलं अंतर, साध्या काँक्रीटच्या गर्डरनं, म्हणजे तुळईनं, स्वस्तात निघतो. केबल-स्टेडचा, म्हणजे टॉवरवरनं तिरप्या केबलनी रस्ता पेललेल्या पुलाचा, खर्च साधारण 200 मीटर आणि त्यापुढच्या गाळ्याला वसूल व्हायला लागतो, म्हणजे जिथं खाली खांब टाकताच येत नाहीत, जहाजं जातात किंवा पाणी फार खोल आहे तिथं. पंचगंगेचं एरवीचं पात्र तेवढं मोठं नाही. पुरात ती पसरते ती दोन्ही बाजूच्या शेतांवर, आणि आपला खरा प्रश्न तिथं आहे. पुलाला जोडणारा रस्ता मातीच्या भरावावर उंच केला की तो भराव आडवा बांध होऊन बसतो, पुराच्या पाण्याला पलीकडं जायला पुलाखालची तेवढीच जागा उरते आणि वरच्या अंगाला फुगवटा येतो. 2019 ला आणि परत 2021 ला शिरोलीजवळ पुणे-बंगळुरू हायवेवर पाणी येऊन वाहतूक बंद पडली, ट्रकच्या रांगा लागल्या, कोल्हापूरला दूध-भाजी-पेट्रोल यायची पंचाईत झाली हे तुम्ही बघितलंय. तेव्हापासून पूरग्रस्त गावांची मागणी आहे की भराव काढा, तिथं खांबांवर रस्ता घ्या, मोऱ्या वाढवा. माझ्या मते कोल्हापूरचा सिग्नेचर ब्रिज तोच. लांबच लांब खांबांवरचा, खालनं पाणी मोकळं जातंय, वरनं अँब्युलन्स जातेय. त्याला कमान द्या, लाइटिंग करा, नक्षी करा, माझी काही हरकत नाही, उलट आवडेल.

बास्केट ब्रिजचं पण बऱ्याच जणांनी विचारलंय, हायवेवरनं शहरात यायच्या वाटेवरचा, ज्याचं भूमिपूजन 2023 ला झालं. त्यालाही माझी हीच फूटपट्टी. कमान कशी दिसते हे चित्रात सगळे बघतात, तुम्ही नकाशात बघा की भराव किती मीटर आणि खांबांवरचा भाग किती मीटर.

प्रश्न : शेजारी शहरांची अशी भांडणं फक्त आपल्याकडंच असतात का? (विश्रामबाग, सांगली)

अजिबात नाही. सगळ्यात मोठं उदाहरण अमेरिकेतलं, सॅन फ्रान्सिस्को आणि ओकलंड, मधे खाडी. ते जरा नीट सांगतो कारण त्यात आपल्याला शिकण्यासारखं बरंच आहे.

दोन्ही गावांना जोडणारा बे ब्रिज 1936 साली सुरू झाला, गोल्डन गेटच्या सहा-सात महिने आधी. मधे येर्बा ब्वेना नावाचं बेट आहे. बेटापासून सॅन फ्रान्सिस्कोकडं देखणे झुलते पूल, आणि बेटापासून ओकलंडकडं लोखंडी कैच्यांचा साधा सांगाडा. ओकलंडच्या लोकांना ते वर्षानुवर्षं खुपत होतं. मग ऑक्टोबर 1989 च्या भूकंपात त्यांच्याच बाजूचा वरच्या मजल्याचा एक तुकडा खाली कोसळला. ती बाजू नवीन बांधायचं ठरलं आणि सुरुवातीला सरकारी इंजिनिअर म्हणाले की सरळ खांबांवरचा साधा रस्ता करूया, स्वस्त आणि मजबूत. ओकलंडकडनं आवाज उठला, तिकडं राजवाडा आणि आम्हाला हायवेचा तुकडा का? दुसरीकडं सॅन फ्रान्सिस्कोचं म्हणणं पूल बेटावर कुठल्या बाजूनं उतरवायचा यावरनं, आणि त्यात बेटाची जागा नौदलाची. सगळ्यात वर्षं गेली.

शेवटी जो प्रकार ठरला तो एका टॉवरचा, स्वतःलाच बांधलेला झुलता पूल. नेहमीच्या झुलत्या पुलात मुख्य केबलची टोकं काठावर जमिनीत, खडकात गाडतात. इथं ती टोकं पुलाच्या रस्त्यालाच बांधलीत, धनुष्याची दोरी धनुष्यालाच बांधावी तशी. दिसतं सुरेख, पण यात मेख अशी की रस्ता पुरा झाल्याशिवाय केबल ताणता येत नाही आणि केबल ताणल्याशिवाय रस्ता स्वतःच्या जोरावर उभा राहत नाही, म्हणून पाण्यात आधी दुसरा तात्पुरता पूल उभारावा लागला. टॉवर 525 फूट. 2004 ला टेंडर उघडलं तर एकच कंपनी आणि तिचा आकडा अंदाजाच्या कितीतरी वर, तेव्हा राज्य सरकारनं टॉवर रद्द करून साधा रस्ता करायचा घाट घातला, परत वाद, परत उशीर, आणि 2005 ला टॉवरच कायम झाला. मार्च 2013 मध्ये 96 मोठ्या बोल्टपैकी 32 बोल्ट ताण दिल्यावर तडकले. सप्टेंबर 2013 मध्ये पूल सुरू झाला. भूकंपाला 24 वर्षं होत आली होती आणि खर्च 640 कोटी डॉलरच्या घरात गेलेला, त्यातला मोठा भाग लोकांच्या टोलमधनं.

त्या 24 वर्षांत गाड्या जुन्याच, दुसऱ्या मोठ्या भूकंपात टिकेल का याची खात्री नसलेल्या पुलावरनं रोज जात होत्या. मला हे वाचताना शिवाजी पूल आठवतो. ओकलंडची मागणी चुकीची होती असं मी म्हणणार नाही, गरीब बाजूला कायम कुरूप गोष्ट का मिळावी हा रास्त प्रश्न आहे, आणि आज तो पूल बघून तिथल्या लोकांची छाती फुगते. पण धोका डोक्यावर असताना शोभेचं भांडण इतकं लांबवणं मला पटत नाही.

याच्या उलट इंग्लंडमधलं न्यूकॅसल आणि गेट्सहेड. मधे टाइन नदी. तिथला कमानीचा टाइन ब्रिज 1928 चा, म्हणजे आपल्या आयर्विनच्या फक्त एक वर्ष आधीचा. गेट्सहेड कायम धाकटं, न्यूकॅसलच्या सावलीतलं गाव. त्यांनी 2001 ला फक्त चालणाऱ्यांसाठी आणि सायकलसाठी मिलेनियम ब्रिज केला, अख्खा पूल कलतो आणि खालनं जहाज जातं. 2002 ला त्याला ब्रिटनचं आर्किटेक्चरमधलं स्टर्लिंग प्राइज मिळालं. त्याच सुमाराला दोन्ही गावांनी पर्यटनासाठी जोडीनं एकाच नावानं जाहिरात सुरू केली. पूल शेवटी दोन्ही काठांचा असतो ना.

सांगलीच्या वाचकांना एक मुद्दाम सांगतो. आपली पंचगंगा आणि तुमची कृष्णा नृसिंहवाडीला भेटतात. कृष्णा फुगली की पंचगंगेला पुढं वाट मिळत नाही, पंचगंगा जोरात आली की कृष्णेचा उतार अडतो, आणि मधल्या शिरोळ तालुक्याला दोन्हीकडनं पाणी. त्यामुळं कुठल्याही काठावर आडवा भराव पडला तर त्याचा त्रास गावाची हद्द बघून थांबणार नाही.

प्रश्न : बेळगावनं 110 मीटरचा ध्वजस्तंभ केला, आपला 303 फूट. आपण त्याहून उंच करावा का? (कसबा बावडा)

नको. आपला पोलीस उद्यानातला 2017 ला झाला, बेळगावचा किल्ल्याच्या तळ्याकाठचा 2018 ला, 361 फुटांच्या आसपास. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की कापडावरचा जोर चौपट होतो, वर जाल तसा वारा वाढतो, आणि झेंडा मोठा तितका लवकर फाटतो. फाटका झेंडा फडकवता येत नाही, म्हणून देशभर असे उंच खांब बरेचदा मोकळे दिसतात. झेंडा रोज डौलात फडकतोय यात मान आहे, फुटांत नाही.

प्रश्न : कोल्हापूरची स्कायलाईन कधी होणार? पुण्यासारखे 30-40 मजली टॉवर? (ताराबाई पार्क)

स्कायलाईन आहे की हो. जोतिबाच्या वाटेवरनं मागं वळून बघा. अंबाबाईची शिखरं, न्यू पॅलेसचं घड्याळाचं टॉवर, शाहू मिलचं धुराडं. न्यू पॅलेस मेजर चार्ल्स मँटनं आखला, टाऊन हॉल त्याचाच, सीपीआर दवाखान्याची इमारतही त्याचीच, आणि बडोद्याचा लक्ष्मीविलास पॅलेस पण. काळा दगड, मराठी कमानी, इस्लामी घुमट, जैन नक्षी, सगळं एकत्र, आणि तरी ते कोल्हापूरचंच वाटतं, इथला दगड आणि इथले कारागीर म्हणून. 1884 च्या सुमाराला राजवाडा पुरा झाला, तोवर मँट वारला होता.

टॉवर येऊ देत, शहर वाढणारच. पण अंबाबाईच्या शिखरासमोर आणि रंकाळ्याच्या काठावर उंचीचं बंधन पाळलंच पाहिजे, यात मी तसूभर मागं हटणार नाही. संध्याकाळी रंकाळ्यातल्या संध्यामठाकडं बघत बसणाऱ्या माणसाच्या डोळ्यासमोर काचेची भिंत उभी केली तर ती परत काढता येत नाही.

प्रश्न : रंकाळ्यावर काचेचा पूल केला तर? (फुलेवाडी)

व्हेनिसमध्ये 2008 ला झालेल्या नव्या पुलाच्या पायऱ्यांना काच बसवली होती, पावसाळी हवेत माणसं घसरून पडायला लागली आणि शेवटी काच काढून दगड बसवायचं ठरलं. आपल्याकडं जून ते सप्टेंबर शेवाळ चढतं. काच नको.

प्रश्न : मी बारावीला आहे, मला पुलांचं इंजिनिअर व्हायचंय. आतापासनं काय करू? (जयसिंगपूर)

सिव्हिलला जा, आणि गणित-फिजिक्स सोडू नकोस. पण त्याआधी येत्या पावसाळ्यात, पाणी इशारा पातळीच्या बरंच खाली असताना आणि घरच्यांना बरोबर घेऊनच, एकदा आयर्विन आणि एकदा शिवाजी पूल बघून ये. खांबाला पाणी कुठल्या बाजूनं आपटतंय, भोवरा कुठं पडतोय, पुराच्या खुणा किती उंचीवर आहेत हे वहीत काढ. वाहत्या पाण्यातले पूल पडतात त्यातले बरेचसे पायाखालची माती खरवडून गेल्यानं पडतात, वरच्या वजनानं नाही, आणि ते भोवरे बघितल्याशिवाय डोक्यात बसत नाही. जयसिंगपूरला तुला दोन्ही नद्या जवळ. काढलेली चित्रं आम्हाला पाठव, पुढच्या अंकात छापू.