'फँटम ऑफ द ऑपेरा'चा मूळ लेखक कोण? त्याने आणखी काय लिहिलं?

गास्ताँ लरू (१८६८–१९२७), फ्रेंच. मूळचा पत्रकार, पॅरिसच्या 'ल मातँ' या दैनिकाचा बातमीदार. त्यामुळे कादंबरीतही 'हे सगळं खरंच घडलं' असा बातमीदारी आव आणतो, आणि तो त्याला शोभतो. कादंबरीतला झुंबर कोसळण्याचा प्रसंग अगदीच हवेतला नाही: १८९६ मध्ये पॅरिसच्या ऑपेरा हाउसमध्ये झुंबराचं वजन तोलणारा लोखंडी भार खाली पडून एक बाई दगावली होती.

१९२५ मध्ये या कादंबरीवर लॉन चेनीचा मूकपट आला, तेव्हा लरू हयात होता. १९८६ मध्ये लंडनमध्ये अँड्र्यू लॉइड वेबरचं संगीत नाटक आलं. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर ते १९८८ पासून थेट २०२३ पर्यंत चाललं. आज बहुतेकांना नाटक ठाऊक, लेखक नाही.

पण रहस्यकथाच हवी असेल, तर माझ्या मते आधी लरूचंच 'पिवळ्या खोलीचं रहस्य' (१९०७) वाचा. खोली आतून बंद, आत जीवघेणा हल्ला, दार फोडून बघतात तर हल्लेखोर गायब! छडा लावतो रूलताबिय नावाचा कोवळा बातमीदार. शेवट कुठे आधी वाचू नका, सगळी मजा त्यातच आहे.