कोणत्या पानावर, ते आधी सांग

बाळा,

तुझा तो लांबलचक व्हॉइस मेसेज नीट ऐकला. बीए फायनलच्या वर्गात 'लॉर्ड ऑफ द फ्लाईज'वर, म्हणजे युद्धाच्या काळात मोठ्या माणसांशिवाय ओसाड बेटावर अडकलेल्या शाळकरी पोरांच्या त्या इंग्रजी कादंबरीवर, चर्चा घेतली, पोट्टे एकमेकांवर तुटून पडले, मागच्या बेंचवरचा एकजण उभा राहून म्हणाला, "सर, माणूस मुळातच हरामी आहे, त्याले दंडाच लागते", अर्ध्या वर्गानं बेंच वाजवले, पोरी खाली मान घालून बसल्या आणि तास संपला. आणि आता तू मला विचारून राहिला की मॅडम, माणूस खरंच असा असतो का, मी काय उत्तर द्यायला पाहिजे होतं.

उत्तर कशाला द्यायचं होतं रे? तू फक्त एवढंच विचारायचं होतं, कोणत्या पानावर. "माणूस हरामी आहे" म्हणतोस ना, बरं, दाखव, कोणत्या पानावर, कोण, कोणाशी, काय करतो. बस. पुढची सगळी चर्चा त्या एका प्रश्नातून निघते, आणि तो प्रश्न विचारला नाही तर चर्चा म्हणजे पानठेल्यावरच्या गप्पा, जो जोरात बोलला तो जिंकला.

मला माहीत आहे तुझ्या वर्गात कादंबरी फार कोणी वाचलेली नाही. गाईड वाचलं आहे. गाईडमध्ये काय लिहिलं असतं तेही माहीत आहे, राल्फ म्हणजे लोकशाही, जॅक म्हणजे हुकूमशाही, पिगी म्हणजे बुद्धी, सायमन म्हणजे संत, शंख म्हणजे कायदा. झालं. पाच ओळी पाठ केल्या की पेपरात मार्क मिळतात आणि डोकं चालवायची गरजच उरत नाही. मला या जोड्या लावण्याचा फार राग आहे आणि तो वयानं कमी झालेला नाही.

आता पहिलाच चॅप्टर घे. राल्फला पोरं मत काहून देतात? तो हुशार आहे म्हणून? नाही. पान उघडून बघ, लेखकानं तिथं सरळ लिहिलंय, तो दिसायला चांगला आहे, अंगानं मोठा आहे, शांत बसलाय आणि मुख्य म्हणजे त्याच्या हातात शंख आहे. शंख फुंकून सगळ्यांना गोळा करायचं ज्याला सुचलं तो पिगी, पण त्याचा कोणी विचारही करत नाही. जॅक म्हणतो लीडर मीच, काहून तर मी शाळेत हेड बॉय आहे आणि मला वरच्या पट्टीत गाता येतं. म्हणजे त्या बेटावरची पहिली निवडणूक सुद्धा रूप आणि रुबाब पाहूनच झाली, आणि ती आपला लोकशाहीचा हिरो जिंकला. आणि जिंकल्याबरोबर राल्फ काय करतो? जॅकचं तोंड उतरलं म्हणून त्याची समजूत काढायला अख्खा कॉयर, म्हणजे शाळेतल्या गाणाऱ्या पोरांचा गट, त्याच्या हवाली करतो, सांग तुझी पोरं काय होणार, आणि जॅक म्हणतो, शिकारी. जॅकच्या हातात टोळी राल्फनंच दिली! हे ज्यानं वाचलं तो "राल्फ चांगला, जॅक वाईट" म्हणून गप्प बसूच शकत नाही. नाराज माणसाला शांत करायला त्याच्या हातात काहीतरी देऊन टाकायचं, हे तुझ्या वर्गातल्या एकूणएक पोराला समजते, त्यांनी सोसायटीच्या निवडणुका बघितल्या आहेत, पॅनल कसं बनते, नाराज गटाला काय देऊन बसवतात, हे त्यांना तुझ्यामाझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पण ते बोलायला त्यांच्यासमोर ते पान पाहिजे.

तू म्हणशील मॅडम, तो पोट्टा अगदीच चुकीचा नव्हता. नव्हताच! मी कुठं म्हटलं चुकीचा होता. चौथ्या चॅप्टरमध्ये त्याच्या बाजूचं पान आहे, ते त्याला दे. जॅकच्या कॉयरमधला रॉजर समुद्राकाठी खेळणाऱ्या छोट्या हेन्रीवर दगड मारतो, पण मुद्दाम नेम चुकवून. हेन्रीच्या भोवती थोडी जागा तो सोडतो, काहून तर आईबाप, शाळा, पोलीस, कायदा या सगळ्यांचा वचक अजून त्याच्या हातात शिल्लक आहे. पुढं हाच रॉजर वरून धोंडा लोटतो, पिगी मरतो आणि शंखाचा चुरा होतो. म्हणजे वचक गेला आणि हात मोकळा झाला. दंड्याच्या बाजूनं बोलायचं तर हे पान घेऊन बोल म्हणावं त्याला, मग मी पण बेंच वाजवीन.

पण मग लगेच दुसरं पान त्याच्यासमोर ठेवायचं. दहावा चॅप्टर. जॅकच्या गडावर विल्फ्रेडला बांधून ठेवलंय, त्याला मारणार आहेत, आणि दुसरा पोरगा विचारतो काहून, तर कोणालाच माहीत नाही, जॅकनं सांगितलंच नाही. हा पण दंडाच आहे ना? विचार त्याला, तुला कोणता दंडा पाहिजे, आणि तो कोणाच्या हातात, आणि मारायचं कारण तो सांगणार की नाही. आणि शेवटी पोरांना न्यायला येतो तो नौदलाचा ऑफिसर, कमरेला पिस्तूल, मागं लढाईचं जहाज, बाहेर मोठ्या माणसांचं युद्ध सुरूच आहे. तो म्हणतो इंग्रज पोरांकडून यापेक्षा बरं काही अपेक्षित होतं. पोरांच्या दंड्याला नावं ठेवणारा स्वतः कोणता दंडा घेऊन आलाय, हे वर्गाला बघू दे. तू सांगू नको, बघू दे.

लेखकाबद्दल दोनच गोष्टी सांग, जास्त नको. विल्यम गोल्डिंग हा तुझ्यासारखाच मास्तर होता, सॅलिसबरीच्या मुलांच्या शाळेत शिकवायचा, आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलात लढून आलेला होता. पुस्तक १९५४ चं. नोबेल १९८३ ला मिळालं. वर्गातल्या पोरांना जवळून ओळखणाऱ्या आणि युद्ध डोळ्यांनी बघितलेल्या माणसानं हे लिहिलंय, एवढं पुरे. नाहीतर लेक्चर जीवनपरिचयातच संपते.

आणि हो, कोणीतरी हुशार पोरगा मोबाईलमध्ये बघून पॅसिफिक समुद्रातल्या टोंगा देशाच्या पोरांची गोष्ट आणेलच. १९६५ मध्ये सहा पोरं बोट घेऊन पळाली, वादळात सापडून अटा नावाच्या ओसाड बेटावर लागली, वर्षाच्या वर तिथं राहिली, विस्तव विझू दिला नाही, एकाचा पाय मोडला तर बाकीच्यांनी बसवून दिला, १९६६ मध्ये एका ऑस्ट्रेलियन कॅप्टननं त्यांना सोडवलं. गोष्ट खरी आहे आणि फार सुंदर आहे. पण त्यावरून "बघा, गोल्डिंग खोटा ठरला" असं कोणी म्हटलं तर त्यालाही तोच प्रश्न. ती सहा पोरं एकाच शाळेतली, मिळून पळालेली, एकमेकांचे दोस्त होते. कादंबरीतली पोरं सहा वर्षांपासून बारा वर्षांपर्यंतची, बहुतेक एकमेकांना न ओळखणारी, त्यांची साधी नावांची यादी सुद्धा पूर्ण झाली नाही. जहाजाला दिसावा म्हणून पेटवलेला पहिला जाळ हाताबाहेर जातो, गालावर डाग असलेला एक छोटा पोरगा नंतर दिसतच नाही, आणि किती पोरं होती हे कोणाला सांगता येत नाही, कारण मोजलेलंच नाही. माझ्या मते सगळा नाश तिथून सुरू होतो, यादी झाली नाही तिथून. हे माझं मत आहे, पण माझ्याकडं पान आहे.

मत पाहिजेच रे. आधी पान, मग मत, एवढंच मी म्हणून राहिली.

हे मी वर्षानुवर्षं केलं आणि त्याबद्दल खूप ऐकून घेतलं. पोर्शन पूर्ण होत नाही, मॅडम एकाच चॅप्टरवर अडकून बसतात, दुसऱ्या वर्गात नोट्स मिळतात आणि आम्हाला नाही मिळत, पोरं तक्रार घेऊन वर गेली, मला बोलावणं आलं, रिझल्टचे आकडे दाखवले. मी म्हटलं रिझल्ट पडला तर माझ्या नावावर लिहा पण मी नोट्स डिक्टेट करणार नाही. लोक म्हणाले हट्टी आहे, गर्विष्ठ आहे. असू दे. माझ्या वर्गातून निघालेल्या पोराला पेपरमधली बातमी, बँकेचा कागद, विम्याचा फॉर्म पूर्ण वाचल्याशिवाय सही करवत नाही, एवढं मी छातीठोकपणे सांगू शकते. कापसाच्या पट्ट्यात पूर्ण न वाचता केलेल्या सह्यांनी किती घरं बसली हे तुला मी सांगायला नको, तू त्याच गावांतून आलाय.

सलते ती गोष्ट वेगळीच आहे. वर्गात पान दाखवून माझ्याशी भांडणाऱ्या पोरी होत्या माझ्याकडं, काय तडफदार बोलायच्या. लग्न होऊन गेल्या, आणि त्यातली एक पुढं भेटली तेव्हा म्हणाली, मॅडम, आमच्याकडं ग्रामसभेचं रजिस्टर घरीच येते सहीला. तिनं सही केली होती. मी काहीच बोलू शकले नाही. वर्गातली सवय गावात टिकायची असेल तर गावात पण तशी बैठक लागते, ती मी कुठून आणणार होते. गडचिरोलीत धानोरा तालुक्यात मेंढा लेखाच्या लोकांनी ती आणली. तिथं अभ्यासगट बसतो, विषय समजून घेतला जातो आणि मग ग्रामसभेत निर्णय होतो, तोही सगळ्यांच्या संमतीनं, बहुमताच्या जोरावर नाही. वनहक्क कायदा वाचून, समजून, कागद तयार करून त्यांनी २००९ मध्ये १८०० हेक्टरच्या वर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला, २०११ ला स्वतःच्या बांबूचा वाहतूक परवाना गावाच्या हातात आला. ती पण माणसंच आहेत, आणि पोलीस डोक्यावर बसवून हे झालेलं नाही. तुझ्या त्या पोट्ट्याला हेही सांग. आणि त्यानं म्हटलं की मॅडमचं उदाहरण गोग्गोड आहे, तर त्याला म्हणावं गाडी काढ, जाऊन बघून ये, मग बोल.

आता पोरींचं. तू म्हणतोस त्या बोलतच नाहीत. त्यांना "तुम्ही पण काहीतरी बोला" असं म्हणून काही होत नाही, उलट जास्त लाजतात. आठवा चॅप्टर घे. जॅक सगळ्यांसमोर विचारतो, राल्फ लीडर नको असं कोणाला वाटते, हात वर करा. एकही हात वर होत नाही. तो परत विचारतो. परत कोणी नाही. तो रडत निघून जातो, आणि नंतर मोठी पोरं एकएक करून गुपचूप त्याच्याकडं सरकतात. पहिल्या चॅप्टरमध्ये कॉयरच्या पोरांनी तरी मुकाट्यानं जॅकसाठी हात वर केले होते, इथं मात्र उघडपणे एकही मत पडलेलं नाही बरं का! हे पान वाचून दाखव आणि प्रत्येकाला कागदावर एकच ओळ लिहायला सांग, हात वर न करणारा पोरगा मनात काय म्हणत असेल. नाव लिहायचं नाही. चिठ्ठ्या गोळा कर, मिसळ आणि तू वाच. गप्प बसणाऱ्यांना गप्प बसण्याबद्दल सगळं माहीत असते. कोणत्या चिठ्ठीवर वर्ग शांत होतो ते बघ आणि तिथून पुढं जा.

नाचता नाचता सगळी पोरं मिळून सायमनला जनावर समजून मारतात ते पान मात्र घाईत घेऊ नको, त्याला पूर्ण तास ठेव. मारण्यापेक्षा दुसऱ्या दिवशीची सकाळ महत्त्वाची आहे. पिगी म्हणतो तो अपघात होता, आपण बाहेरच्या कडेला होतो. सॅम आणि एरिक हे जुळे भाऊ म्हणतात आम्ही थकलो होतो, लवकर निघालो. एकटा राल्फ म्हणतो, तो खून होता. तिथं विचार पोरांना, "माणूस मुळातच असा असतो" हे वाक्य या चौघांपैकी कोणाला सोयीचं पडलं असतं? मला त्या वाक्याची चीड आहे ती याचसाठी. माणसाचा स्वभाव म्हटलं की रॉजर सुटतो, जॅक सुटतो, कडेला उभा राहणारा पिगी पण सुटतो. शेवटच्या पानावर लेखक स्वतः माणसाच्या मनातल्या अंधाराबद्दल बोलतो, मान्य, पण तिथं पोचायच्या आधी त्यानं नावानिशी दाखवलंय कोणी काय केलं. आपण सरळ शेवटच्या पानावर उडी मारायची नाही.

झेरॉक्सचं म्हणशील. सीएचबीवाल्यांचं, म्हणजे तासांच्या हिशेबानं शिकवणाऱ्या तुम्हा लोकांचं, मानधन कधी निघते मला माहीत आहे, स्वतःच्या खिशातून सगळं पुस्तक काढत बसू नको. सांगितली तेवढीच पानं काढ, दोघांत एक कॉपी. माझी जुनी प्रत बसच्या ड्रायव्हरजवळ पाठवते, पेन्सिलच्या खुणा आहेत, त्या पोरांना दाखवू नको, त्यांच्या खुणा त्यांना करू दे. गुरुवारच्या तासाला पहिलं वाचन त्या मागच्या बेंचवाल्याकडूनच करून घे, रॉजरचं पान, तो अडखळला तर थांब पण तू पुढं वाचू नको. रात्री नऊनंतर फोन कर, त्याआधी आमच्याकडं लाइन नसते, आणि चिठ्ठ्या फेकू नको, मला वाचायच्या आहेत.

तुझी मॅडम