ताई, आमचं बाळ मागे पडलंय का?

या वेळी ढीगभर मेसेज एकाच विषयावर आलेत, कितव्या महिन्याला काय यायला पाहिजे आणि आमचं अजून का आलं नाही. त्यातले चार घेतेय. नावं अर्थातच देत नाही.

प्रश्न: ताई, माझी मुलगी 10 महिन्यांची झाली पण रांगतच नाही, बुडावर बसून एक पाय पुढे टाकत घरभर सरकते. सोसायटीतल्या आयांच्या ग्रुपवर तिच्याच वयाची पोरं धरून उभी राहिल्याचे व्हिडिओ येतात, बघून रडूच येतं. सासूबाई म्हणतात वॉकर आणा, आठ दिवसात चालेल. ती सव्वा महिना आधी झालीय, वजन आता छान आहे. – एक आई, पिंपरी

उत्तर: अगं, पहिली गोष्ट म्हणजे ती 10 महिन्यांची नाहीच. कॅलेंडरने आहे, पण सव्वा महिना आधी झाली ना, मग दोन वर्षांची होईपर्यंत विकास बघताना तेवढे दिवस वयातून वजा करायचे, डॉक्टरही तसंच करतात. म्हणजे ती आत्ता कुठे पावणेनऊ महिन्यांची आहे आणि त्या व्हिडिओतल्या पोरांच्या वयाची नाहीच मुळी.

आता रांगण्याचं. जागतिक आरोग्य संघटनेने 2006 मध्ये याच्यावरचा एक मोठा अभ्यास छापला, भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा पाच देशांतली आठशेवर निरोगी बाळं (आपल्याकडची दिल्लीची) ठरावीक दिवसांनी पुन्हा पुन्हा तपासली आणि कोण कधी काय करतं ते लिहून ठेवलं. आधाराशिवाय बसणं कुणाला 3.8 महिन्यांत जमलं, कुणाला 9.2 लागले. रांगणं 5.2 पासून 13.5 पर्यंत. एकट्याने चालणं 8.2 पासून थेट 17.6 महिन्यांपर्यंत! ही सगळी धडधाकट पोरं बरं का. आणि शंभरातली साधारण चार हातागुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत, कुणी पोटावर सरकलं, कुणी तुझ्या लेकीसारखं बुडावर, कुणी सरळ उठून चालायला लागलं. अमेरिकेत तर 2022 मध्ये त्यांच्या सरकारी आरोग्यखात्याने पालकांसाठीच्या टप्प्यांच्या यादीतून रांगणं काढूनच टाकलं. आपल्या ग्रुपवर मात्र ते अजून पहिल्या नंबरला आहे.

वॉकरचं सासूबाईंना नीट समजावून सांग, त्या वाईट हेतूने बोलत नाहीयेत, त्यांच्या डोळ्यासमोर लाकडी पांगुळगाडा असणार. पांगुळगाडा वेगळा, तो मूल स्वतः उभं राहून ढकलतं, तोल त्यालाच सांभाळावा लागतो, त्यामुळे ती आपली आपण उभी राहायला लागली की तो जरूर आणा, फक्त कुणीतरी जवळ बसा. बाजारातल्या गोल वॉकरमध्ये मूल लटकून बसतं, बोटांच्या टोकांनी जमीन ढकलतं, ट्रेमुळे स्वतःचे पाय त्याला दिसत नाहीत आणि जिन्यावरून किंवा गॅसच्या ओट्याकडे जायला त्याला दोन सेकंद लागतात. कॅनडाने 2004 मध्ये असे वॉकर विकायलाच बंदी घातली. आणि चालणं त्याने लवकर येत नाही, ते पडण्याने येतं. न्यूयॉर्कमध्ये कॅरन अडॉल्फ नावाच्या बाईंनी नुकतीच चालायला लागलेली मुलं खेळताना मोजली, तासाला सरासरी 2,368 पावलं आणि 17 वेळा पडणं. वॉकरमध्ये यातलं पडणंच नसतं, मग तोल शिकायचा कुठे? खाली चटई टाक, पाय उघडे ठेव, आवडती वाटी सोफ्यावर जरा उंच ठेव, बास.

एक गोष्ट मात्र नक्की बघ. एक पाय पुढे टाकत सरकते म्हणतेस, बुडावर सरकणारी बरीच मुलं तसंच करतात, पण दुसरा पाय, दुसरा हात तेवढाच चालतो ना? खेळणं दोन्ही हातांनी घेते का? दीड वर्षाच्या आत मूल एकच हात वापरत असेल तर "डावखुरी आहे" म्हणून कौतुक करायचं नाही, दाखवायचं. अंग लाकडासारखं ताठ किंवा अगदीच लुळं वाटत असेल, वजा केलेल्या वयाने 9 महिने होऊनही आधाराशिवाय बसत नसेल, किंवा आधी येत असलेली गोष्ट बंद झाली असेल, तर ग्रुपवर विचारत बसू नको, त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जा. खाजगी परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातलं, तपासणी फुकट होते. हा कार्यक्रम 2013 मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला, आणि कितीतरी पालकांना तो माहीतच नसतो याची मला फार चीड येते.

प्रश्न: ताई, मी डी.एल.एड. (शिक्षकाची पदविका) करतेय, टीईटीचा म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा अभ्यास चालू आहे. मुलांचा विचार कसा वाढतो त्याच्या पियाजेने सांगितलेल्या चार अवस्था पाठ आहेत, 0 ते 2 वर्षं, 2 ते 7, 7 ते 11, 11 च्या पुढे. पण माझा साडेपाच वर्षांचा भाचा असं काही बोलतो की तो कुठल्याच खणात बसत नाही. मग हे सगळं खरं आहे की फक्त परीक्षेपुरतं? – विद्यार्थिनी, परभणी

उत्तर: परीक्षेत मुकाट्याने चारही लिही, संवेदन-कारक (बघून, हाताळून शिकणं), पूर्व-क्रियात्मक (शब्द आले, पण दिसतं तेच खरं), मूर्त क्रियात्मक (समोरच्या वस्तूंबद्दल नीट तर्क), औपचारिक क्रियात्मक (समोर नसलेल्या गोष्टींचाही तर्क), बालमानसशास्त्राचे 30 मार्क आहेत, तिथे वाद घालू नको. पण तुझी शंका लाखाची आहे.

पियाजे मूळचा स्वित्झर्लंडचा, जन्म 1896, आणि शिक्षणाने प्राणिशास्त्राचा, गोगलगायींवर लिहिणारा. 1920 च्या सुमारास पॅरिसमध्ये त्याला बुद्धिमापनाच्या चाचण्या मुलांकडून सोडवून घ्यायचं कंटाळवाणं काम मिळालं. बाकीचे बरोबर उत्तरं मोजत होते, हा चुकलेल्या उत्तरांकडे बघत बसला, आणि त्याच्या लक्षात आलं की एका वयाची पोरं एकाच पद्धतीने चुकतात. मला विचारशील तर त्याचं सगळ्यात मोठं काम हेच, त्या चार अवस्था नंतरच्या. पुढे त्याने स्वतःच्या तीन मुलांच्या निरीक्षणांनी वह्याच्या वह्या भरल्या, खेळणं कापडाखाली लपवलं तर बाळ शोधतं का वगैरे. साधारण आठ महिन्यांच्या आधी शोधत नाही, म्हणजे नजरेआड झालं की ते त्याच्यासाठी संपलंच, असं त्याने ठरवलं.

इथेच पुढच्यांनी त्याला गाठलं. 1987 मध्ये रने बायार्जाँ या बाईंनी साडेचार महिन्यांच्या, आणि काही साडेतीन महिन्यांच्या, बाळांना अशक्य देखावा दाखवला, पडद्यामागे ठोकळा आहे आणि तरी पडदा त्याच्यातून आरपार मागे पडतो असा. बाळं जास्त वेळ टक लावून बघत राहिली, म्हणजे ठोकळा तिथे आहे हे त्यांना कळत असावं, हात घालून शोधणं तेवढं जमत नसावं. यावर अजून भांडणं चालू आहेत, नुसतं टक लावून बघितलं म्हणजे कळलं का असं विचारणारेही आहेत. पण बाळाला पियाजे समजत होता त्यापेक्षा जास्त कळतं, इतपत बहुतेकांना मान्य आहे.

पियाजेचा पाण्याचा प्रयोग तर तुला माहीतच आहे, बुटक्या ग्लासातलं पाणी उंच ग्लासात ओतलं की चार वर्षांचं मूल म्हणतं जास्त झालं. याला दोन ग्लासही लागत नाहीत. माझ्या शेजारची साडेचार वर्षांची चिमुरडी जेवायला बसली की "मला दोन पोळ्या" म्हणून हट्ट करते, तिची आजी एकाच पोळीचे दोन तुकडे करून ताटात ठेवते आणि ती खूश, भावाच्या ताटात अख्खी पोळी आहे तर त्याला चिडवते पण, "तुला एकच!" भाऊ आठ वर्षांचा, तो कपाळावर हात मारून घेतो. बघ, दोन अवस्था एकाच पंगतीत. पण याच प्रयोगात गोम आहे. मोठं माणूस मुद्दाम काहीतरी बदलतं आणि तोच प्रश्न परत विचारतं, मग मुलाला वाटतं आधीचं उत्तर चुकलं असणार. स्कॉटलंडमध्ये मार्गारेट डोनाल्डसन आणि त्यांच्या सहकाऱ्याने 1974 मध्ये हाच खेळ ठोकळ्यांच्या दोन ओळींवर केला, पण ओळ विस्कटवली ती एका खोडकर टेडीने, चुकून झाल्यासारखी. लगेच कितीतरी जास्त मुलांनी बरोबर उत्तर दिलं. म्हणजे मूल तेच, वय तेच, विचारण्याची तऱ्हा बदलली. तू शिक्षिका होणार आहेस, तुझ्या कामाची गोष्ट ही आहे.

तर वयाचे आकडे सैल धर, अवस्थांचा क्रम बऱ्यापैकी टिकलाय. आणि वरची अवस्था 11 ला आपोआप लागत नाही, माणूस कशात रमतो, काय शिकतो यावर ती कधी, कुठल्या विषयात येईल ते ठरतं, हे खुद्द पियाजेने 1972 मध्ये लिहिलंय. भाचा एका विषयात पुढे, दुसऱ्यात मागे असेल तर त्यात काहीच विचित्र नाही. वायगोत्स्कीही जोडीने वाच. तो पियाजेच्याच साली जन्मला, रशियातला मानसशास्त्रज्ञ, 1934 मध्ये ऐन सदतिसाव्या वर्षी गेला. मूल एकटं काय करतं यापेक्षा जरा मदत दिली तर काय करू शकतं ते बघा, असं त्याचं म्हणणं. वर्गात 40 पोरं समोर बसली की मला तरी तोच जास्त उपयोगी पडलाय.

प्रश्न: आम्ही श्टुटगार्टला असतो. मुलगा 2 वर्षं 2 महिन्यांचा. घरी मराठी, पाळणाघरात जर्मन. जर्मन शब्द मोजून पंधरा-वीस, मराठी चाळीसेक. पाळणाघरातल्या बाई म्हणाल्या घरी मराठी बंद करा, गोंधळतोय. तो "मिल्श दे", "बाबा काम" असं म्हणतो. – एक बाबा

उत्तर: बंद अजिबात करू नका. दोन भाषांमुळे बोलणं रखडतं याला आधार नाही, उलट तुम्ही घरात मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये बोलायला लागलात तर त्याच्या कानावर पडणारं बोलणंच कमी होईल. शब्द मोजताना दोन्ही भाषांची बेरीज करायची, झाले की पंचावन्न-साठ. आणि "मिल्श दे" हे अख्खं दोन शब्दांचं वाक्य आहे हो! दोन वर्षांच्या आसपास दोन शब्द जोडता यायला हवेत असं म्हणतात, ते तो करतोय, अर्धं दूध जर्मन असलं म्हणून काय झालं.

तिकडे 21 ते 24 महिन्यांत यू-7 तपासणी असते ती झाली असेलच, तिथे फक्त जर्मन शब्द सांगितलेत की दोन्ही? आणि सारखी सर्दी होत असेल तर कान तपासून घ्या, पडद्यामागे पाणी साचलं की मूल हाक मारल्यावर बघतं पण बारीक आवाज त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. इकडच्या आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉल बिनधास्त करा, आपल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही दोन वर्षांच्या आत स्क्रीन नको म्हणताना तेवढी सूट दिलीय. कार्टून लावून जेवण भरवणं त्यात बसत नाही, आधीच सांगते.

प्रश्न: हे टप्पे वगैरे सगळं परदेशी खूळ. आमच्या वेळी कोणी तक्ते बघितले? पोरं वाढलीच ना. बाकी, नातू पहिलीत आहे, 'ग' आणि 3 उलटे काढतो, बाई दहादहा वेळा लिहायला लावतात. – एक आजोबा, सातारा

उत्तर: आजोबा, वाढली ती वाढली, जी मागे राहिली त्यांना आपण "मंद आहे" म्हणून गुरं राखायला पाठवलं. आणि परदेशी कसलं? आपल्या बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक भावनगरला गुजरातचे बालशिक्षक गिजुभाई बधेकांबरोबर मुलांमध्ये राहून शिकल्या, 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या, 1957 ला दोघी कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. वारली पोरं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात नेली, गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणात नेली, महागड्या मॉन्टेसरी साहित्याऐवजी शिंपले, बिया, खडे. 1975 पासून देशभर अंगणवाड्या निघाल्या, त्यांच्या मागे हेच काम आहे. तक्ते म्हणाल तर बडोद्याला प्रमिला फाटक यांनी भारतीय बाळांना तपासून एक ते तीस महिन्यांची प्रमाणं बसवली, आज आपल्याकडे बाळांचा विकास तपासताना डॉक्टर वापरतात ती मापनश्रेणी त्यातूनच आलीय.

आता नातू. सहाव्या-सातव्या वर्षापर्यंत अक्षरं, आकडे उलटे निघतात. कप उजवीकडे वळवला काय, डावीकडे वळवला काय, कपच राहतो, अक्षराला मात्र दिशा असते हे डोळ्याला नव्याने शिकावं लागतं. दहादहा वेळा उलटाच गिरवला तर उलटाच पक्का होईल. बाईंना सांगा, किंवा तुम्हीच घरी ताटात तांदूळ पसरा, त्याचं बोट धरून मोठ्ठा 'ग' काढा, सुरुवात कुठून ते दाखवा, रोज पाच मिनिटं, रागवायचं नाही. आठ वर्षांचा झाल्यावरही उलटं येत असेल आणि वाचतानाही अडत असेल तर मात्र तज्ज्ञांकडून तपासून घ्या, तेव्हा "आमच्या वेळी" म्हणून टाळू नका.